मारबतीत ‘नशेडी’ बडग्या नको, हे मंडळाला कसं समजावू?

गल्लीतला_एक
नमस्कार मंडळी. बरेच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहून राहिलो. विषय जड आहे, सांभाळून घ्या.

आमचं नागपुरातलं मंडळ दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडग्या काढते, म्हणजे जी पीडा असेल तिचा पुतळा. मागे महागाईचा काढला, एकदा खड्ड्यांचा. यंदा ठरलं ‘नशेडी’ काढायचा. लाल डोळे, दंडात हातभर सुई, गळ्यात चपलांचा हार. बांबूचा सांगाडा बांधून झाला, पोतं गुंडाळून झालं, आता पेपर चिकटवणं चालू आहे.

माझा चुलत भाऊ मागच्या उन्हाळ्यात गेला. २४ वर्षांचा होता. ब्राउन शुगर. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन १९ दिवस झाले होते. अंगावर मांस आलं होतं, सकाळी काकूचं दळण घेऊन जायचा, आम्हाला वाटलं सुटला एकदाचा. त्या रात्री गच्चीवर दोन मित्रांसोबत बसला. तो घोरायला लागला तर त्यांना वाटलं झोपला. मग घोरण्याचा आवाज बदलला, ओठ निळे दिसायला लागले, तसे दोघं घाबरले, आता पोलीस येतील म्हणून पळून गेले. पहाटे साडेपाचला काकू टाकी भरली का बघायला वर चालली तर त्याची एक चप्पल जिन्यात पडलेली, पळणाऱ्यांच्या पायानं खाली आलेली. ती चप्पल हातात घेऊन काकू वर गेली.

तेरवीपर्यंत आम्ही सगळ्यांना ‘झटका आला’ म्हणून सांगितलं. मी पण सांगितलं.

मिरवणूक काकूच्या घरासमोरून जाते अन् ती दरवर्षी गॅलरीत उभी राहून बघते. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मंडळाला हे कसं सांगू? अन् त्या रात्री ते दोन पोट्टे पळाले नसते तर त्यांनी नेमकं काय करायला पाहिजे होतं? हा दुसरा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, वाचून अंगावर काटा आला. काकूले सांभाळा बाप्पा. मंडळाले सरळ सांगा, आमच्या घरचा पोट्टा होता तो, त्याच्या गळ्यात चपला नाही घालू देणार. यात समजवायचं काय आहे?

इतवारीकर
तुमच्या दुःखाबद्दल आदर ठेवून बोलतो. मारबत आपल्या शहराची ओळख आहे, काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणजे जी पीडा आहे ती गावाबाहेर नेऊन जाळायची. व्यसन पीडा नाही तर काय आहे? उद्या प्रत्येकाच्या भावना जपत बसलो तर बडग्या कशाचा काढायचा? आमच्या गल्लीतून सायकली, मोटरी, नळाच्या तोट्या चोरीला गेल्या या लोकांमुळे. त्यांचं कौतुक करायचं का?

आई_दोघांची
@इतवारीकर, पीडा जाळा ना, कोण नाही म्हणतंय. पण तापाची साथ आली तर बडग्या तापाचा काढता का तापलेल्या पोराचा?

रात्रपाळी_डॉक्टर
मी इमर्जन्सीत काम करतो. गल्लीतला_एक, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, लांबेल.

पहिलं म्हणजे ते घोरणं झोपेचं नव्हतं. ब्राउन शुगर, मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडोल ही सगळी अफूच्या कुळातली. मात्रा जास्त झाली की मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंद पडतं. जीभ मागे पडते, घशात घरघर होते, मिनिटाला दहा-बाराच्या खाली श्वास येतात, मग मध्येच थांबतात. ओठ, नखं निळी पडतात, सावळ्या माणसाची राखेसारखी दिसतात. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. माणूस हाक मारून, हलवून उठत नाही. आजूबाजूचे म्हणतात ‘झोपू दे त्याला’ आणि त्या झोपेतच तो जातो. हृदय बंद पडायच्या आधी श्वास बंद पडतो, त्यामुळे मध्ये थोडा वेळ हातात असतो. कधी काही मिनिटं, कधी तासभर. कोणीतरी जवळ पाहिजे, बस.

करायचं काय? जोरात हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या गाठींनी दाबून घासा. तरी उठला नाही तर लगेच १०८. फोनवर ‘बेशुद्ध आहे, श्वास नीट नाही’ एवढं आधी बोला आणि पत्ता खुणेसकट सांगा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून, तोंड थोडं खाली, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही. श्वास थांबला असेल तर उताणा, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, दर पाच सेकंदाला एक. नाडी लागत नसेल, अंग हलत नसेल तर छाती दाबणं सुरू करा. आणि काय घेतलं ते आम्हाला खरं सांगा. मी आजवर अशा कोणत्याही नातेवाइकाला ओरडलो नाही आणि ओरडणारही नाही.

लिंबूपाणी, मीठपाणी, दूध, कॉफी काहीही तोंडात घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. थंड पाण्याखाली नेऊ नका. बोटं घालून उलटी काढू नका. एकदा एका मुलाला घरच्यांनी दोन ग्लास लिंबूपाणी पाजून आणलं, ते सगळं फुफ्फुसात गेलं होतं.

आता ते १९ दिवस. हे प्रत्येक घराला माहीत पाहिजे. रोज घेणाऱ्याच्या शरीराला सवय झालेली असते. केंद्रात, जेलमध्ये, दवाखान्यात काही आठवडे बंद राहिलं की शरीर ती सवय विसरतं, पण हाताला जुनीच मात्रा आठवते. म्हणून सुटून आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. तुमचा भाऊ सुधारला नव्हता म्हणून गेला असं नाही हो. तो थांबला होता, म्हणून ती मात्रा त्याला झेपली नाही.

गल्लीतला_एक
डॉक्टरसाहेब, शेवटची ओळ पाच वेळा वाचली. केंद्रातून घेऊन निघालो तेव्हा आम्हाला डिस्चार्जचा कागद अन् गोळ्यांची पुडी दिली, हे कोणीच सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, आता संपलं.

चौथं_वर्ष
मी इथे नेहमी क्रिकेटवर लिहितो, बरेच जण ओळखतात. आज सांगतो, मी सहा वर्षं गर्द, म्हणजे ब्राउन शुगरच, घ्यायचो. आता चौथं वर्ष सुरू आहे बंद करून.

माणूस एकटा का घेतो ते सांगतो. माझ्या कॉलनीच्या चहाटपरीवर सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा मिळायचा अन् मला कागदी कपात. कोणी काही बोलायचं नाही. फक्त कप वेगळा. एका लग्नात मी पंगतीत बसलो तर शेजारची बाई पर्स मांडीवर घेऊन बसली. पर्स उचलायचा विचार माझ्या डोक्यात नव्हता, पण त्या दिवसापासून लग्नाला जाणं बंद केलं. मग घरात, मग बाथरूममध्ये, आतून कडी लावून. आतून कडी लावलेल्या माणसाला १०८ कोण बोलावणार?

‘गर्दुल्ला’, ‘चरसी’, ‘नशेडी’ हे शब्द मी पण मस्करीत वापरायचो, स्वतःला लागले तेव्हा कळलं. सरकारी केंद्रात पहिल्या दिवशी सिस्टरनं मला ‘दादा, बसा’ म्हटलं. एवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिथे जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर बसवून द्यायचे. लोक म्हणतात एक नशा सोडून दुसरी धरली. नाही हो. या गोळीनं मला तलफ अन् अंगदुखीतून बाहेर काढलं, मी कामावर जायला लागलो. बीपीची गोळी रोज घेणाऱ्याला कोणी नशेडी म्हणत नाही.

@इतवारीकर, घरातलं मी पण विकलंय. आईचं मंगळसूत्र गहाण टाकलं होतं. मला कौतुक नको आहे. मी जिवंत होतो म्हणून ते सोडवून आणू शकलो.

खर्राबंद
बडग्याला सुई लावणाऱ्या मंडळातल्या किती जणांच्या गालात आत्ता तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे ते पण विचारा 😀 आमच्याकडे पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटत घोटत पोट्टे दुसऱ्याच्या व्यसनावर भाषण देतात.

वऱ्हाडी_ठेचा
हाव ना! अन् भाषण मधातच थांबते, काऊन की पिचकारी माराले जा लागते 😂

खर्राबंद
मस्करी बाजूला. माझ्या वडिलांचं तोंड दोन बोटं पण उघडत नव्हतं शेवटी. तोंडाचा कॅन्सर. त्यांना कोणी ‘खर्रुल्ला’ म्हटलं नाही, सगळे डबे घेऊन दवाखान्यात यायचे. चांगलंच केलं त्यांनी. तसाच डबा दुसऱ्या आजाऱ्याला का जात नाही, एवढंच विचारतो.

कोर्टाच्या_पायऱ्या
पोलिसांची भीती हा मुद्दा वर आला म्हणून लिहिते, मी वकिली करते. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. कलम २७ खाली सेवन हा गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात कलम ६४ क म्हणून तरतूद आहे, इंग्रजीत ६४ ए. सेवनाचा किंवा अगदी थोडा माल सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. घरोघरी सांगायला हवं असं हे कलम आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ आईबापांना ते माहीत नसतं.

दुसरं, दवाखाना ‘आधी पोलीस केस करून या’ म्हणू शकत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. दवाखाना पोलिसांना कळवेल, नोंद होईल, दोन प्रश्न विचारतील. पण रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात जसं संरक्षण आहे तसं ओव्हरडोसमध्ये सोबत थांबणाऱ्या मित्राला वेगळं लिहून दिलेलं नाही. ते असायला पाहिजे, यासाठी आपण मागणी केली पाहिजे. ते दोन मुलं घाबरली याचं मला नवल वाटत नाही.

सदरचा_बाप
ताई, केंद्राबद्दल पण लिहा. माझ्या मुलाला एका खाजगी केंद्रात ठेवलं होतं, नाव नाही घेत. तीन महिने भेटू दिलं नाही. आणलं तेव्हा घोट्याला साखळीचा वण होता. आम्ही पैसे भरून त्याला मारायला दिलं होतं. तो आजही माझ्याशी नीट बोलत नाही.

कोर्टाच्या_पायऱ्या
दादा, साखळीनं बांधणं गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजार येतात आणि त्यात कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवायला सरळ मनाई आहे. अशा केंद्राला नोंदणी लागते. भरती करायच्या आधी नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर किती वेळा येतो विचारा, भेटू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. तुमच्या बाबतीत अजूनही तक्रार करता येईल, मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

सध्या_ओहायो
मूळचा धरमपेठचा, अकरा वर्षं इकडे आहे. इकडे ही आग फार मोठी आहे, २०२१ पासून सलग तीन वर्षं दरवर्षी लाखाच्या वर माणसं ओव्हरडोसने गेली, बहुतेक फेंटानिलमुळे, ते पण अफूच्याच कुळातलं. आता आकडा उतरायला लागलाय. ओव्हरडोसचा असर उतरवणाऱ्या नालोक्झोनचा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. माझ्या मुलीच्या शाळेतल्या नर्सकडे आहे, माझ्या गाडीत पण आहे. पहिल्यांदा घेताना लाज वाटली होती, काउंटरवरची मुलगी काय समजेल म्हणून. ३१ ऑगस्टला ओव्हरडोस स्मृतिदिन पाळतात, मेलबर्नला २००१ मध्ये सुरू झाला. आईबाप फोटो घेऊन उभे राहतात, मोठ्यानं नाव घेतात. आपल्याकडे मिळतं का नालोक्झोन?

रात्रपाळी_डॉक्टर
मिळतं, इंजेक्शन आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतलं. पण चिठ्ठीवर, आणि बहुतेक दवाखान्यातच. दोन-तीन मिनिटांत श्वास परत येतो, मी स्वतः पाहिलंय, निळा पडलेला मुलगा उठून बसतो आणि विचारतो मी कुठे आहे. घेतलंच नसेल अफूच्या कुळातलं तर त्यानं नुकसान होत नाही. पण दारू, झोपेच्या गोळ्या, एमडी यांवर ते चालत नाही. आणि अर्ध्या ते दीड तासात त्याचा असर उतरतो, त्यामुळे उठून बसला तरी दवाखान्यात आणायचंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलंय की घरच्यांच्या, मित्रांच्या हातात ते असलं पाहिजे. आपल्याकडे ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

इतवारीकर
म्हणजे आता घ्या अन् मरू नका, आम्ही औषध घेऊन उभे आहोत, असं सांगायचं का पोरांना? हेल्मेट दिलं म्हणून लोक हळू चालवतात का?

चौथं_वर्ष
दादा, हेल्मेट घातलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत गाडी शिकू शकतो. माझा मित्र शिकू शकला नाही. मी तीनदा घसरलो, चौथ्यांदा जमलं. तिसऱ्या वेळी कोणी दार तोडून आत आलं नसतं तर हा धागा मी वाचला नसता.

मेडिकलवाला
माझं औषधाचं दुकान आहे. गोळ्यांबद्दल कोणी बोलून नाही राहिलं म्हणून लिहितो. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ट्रामाडोल, कोडीन हे शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, चिठ्ठी घेऊन नाव-पत्ता रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावं लागते. २०१८ पासून ट्रामाडोल एनडीपीएसमध्ये पण आलं. तरी रोज एखादा पोट्टा व्हॉट्सअॅपवर आलेला जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवतो. देत नाही मी. पण नुसतं ‘चल निघ’ म्हटलं तर तो पुढच्या दुकानात जातो. आता म्हणतो, भाऊ, बस, पाणी पी, अन् १४४४६ चा नंबर लिहून देतो, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. दोघं जण परत येऊन सांगून गेले की फोन लावला होता.

अन् घरात आजीच्या झोपेच्या गोळ्या उघड्यावर ठेवू नका. दारूवर झोपेची गोळी म्हणजे श्वासावर दोन दोन दगड.

आई_दोघांची
डॉक्टर, माझा मोठा अकरावीत आहे, हल्ली सगळीकडे एमडीचं ऐकू येतं. त्याचं पण असंच घोरणं असतं का?

रात्रपाळी_डॉक्टर
नाही ताई, एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते उलटं काम करतं. शरीर तापतं, छाती धडधडते, दात आवळले जातात, माणूस बडबडतो, संशय घेतो, कधी झटके येतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा अशा अंगाची भट्टी होते. सावलीत, पंख्याखाली न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा, झटका आला तर तोंडात चमचा घालू नका, १०८. आणि मुलाला एक वाक्य आजच सांगून ठेवा, ‘काहीही झालं, कुठेही असलास, रात्री तीनलाही मला फोन कर, आधी आणायला येईन, बोलणं नंतर.’ मी माझ्या मुलीला सांगितलंय.

नंदनवनची_ताई
गल्लीतला_एक, एक विचारू? काकूला विचारलं का तिला काय वाटते ते? सगळे आपण तिच्या वतीनं बोलून राहिलो.

गल्लीतला_एक
ताई, खरं सांगतो, नव्हतं विचारलं. हिंमत नव्हती. काल संध्याकाळी गेलो. ती वाटाणे सोलत होती. मी बडग्याचं सांगितलं तर हात थांबला नाही तिचा. म्हणाली, माहीत आहे, मंडपात पाहून आली मी. मग म्हणाली, “झटका नव्हता आला हे मले माहीत आहे, तुले बी माहीत आहे. मंग वर्षभर अख्खी गल्ली माझ्याशी खोटं काऊन बोलून राहिली? त्याचं नाव काढलं की बाया विषय बदलतात. सुई नका लावू बाबा. पण नाव घ्या त्याचं.”

मी तिथेच रडलो. डॉक्टरांची ती ओळ तिला वाचून दाखवली, तो थांबला होता म्हणून झेपलं नाही ती. तिनं दोनदा वाचायला लावली.

वऱ्हाडी_ठेचा
😔🙏

इतवारीकर
मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही सगळं, चोऱ्या झाल्या आहेत अन् विकणाऱ्यांना जेलच पाहिजे. पण चपलांचा हार मी पण नाही घालणार. काकूंना माझा नमस्कार सांगा. अन् मंडळाला पर्याय द्या, नुसतं नको म्हणाल तर पोट्टे चिडतील, त्यांनी आठ दिवस बांबू बांधले आहेत.

खर्राबंद
पर्याय माझ्याकडे आहे. सांगाडा तोच ठेवा. सुई काढा. दोन्ही हात तोंडावर ठेवलेला माणूस करा, अंगात इस्त्रीचा शर्ट, म्हणजे आपण सगळेच. पाठीवर लिहा, ‘लोक काय म्हणतील’. अन् ओरडा, ‘लोक काय म्हणतीलले घेऊन जा गे मारबत!’

सदरचा_बाप
हे जमलं तर मी माझ्या मुलाला घेऊन येतो बघायला. येईल की नाही माहीत नाही, विचारतो.

गल्लीतला_एक
काल रात्री मंडळाची बैठक झाली, साडेअकरापर्यंत. दोघं उठून गेले, म्हणे आम्ही नशेड्यांचे वकील नाही. बाकीच्यांना मी सगळं सांगितलं, चप्पल, गच्ची, १९ दिवस, झटक्याचं खोटं. मला वाटलं होतं सगळे गप्प बसतील. तर अध्यक्षांनीच सांगितलं, त्यांचा मोठा भाऊ दारू अन् झोपेच्या गोळ्यांवर गेला, आम्हाला आजवर अटॅक म्हणून सांगितलं होतं. मग अजून एक जण बोलला. मग अजून एक.

खर्राबंद, तुमचा बडग्या पास झाला. सुई रात्रीच काढली.

अन् गच्चीवरच्या त्या दोघांपैकी एक सकाळी माझ्या घरी आला होता. वर्षभर तो त्या गल्लीतून जात नव्हता. मी त्याला शिव्या द्यायचं ठरवून ठेवलं होतं, नाही देऊ शकलो. त्याला डॉक्टरांनी लिहिलेलं दाखवलं. म्हणाला, मला हे तेव्हा माहीत असतं तर. तो येत्या रविवारी शिकायला येतो म्हणाला, कुशीवर वळवायचं, श्वास द्यायचं. डॉक्टरसाहेब, याल का? मंडपात दहा वाजता. तीसेक पोरं जमतील.

रात्रपाळी_डॉक्टर
शनिवारची नाइट संपवून सरळ येतो. सरावाचा पुतळा मी आणतो. सतरंज्या तुमच्या.

मेडिकलवाला
१०८ अन् १४४४६ चे स्टिकर छापायला टाकले, दोनशे. मानसिक त्रासासाठी १४४१६ पण टाकलाय, टेलिमानसचा. पानठेले, टपऱ्या, जिमच्या भिंती, सगळीकडे लावू. कोण येते लावायला?

चौथं_वर्ष
मी. त्या कागदी कपवाल्या टपरीवर मी स्वतः लावतो.

नंदनवनची_ताई
मी पण येते. रविवारी तीस जणांचे पोहे माझ्याकडून, तर्री कोणी तरी आणा.

इतवारीकर
तर्री माझ्याकडे.